मागच्या बाकाचा हिशेब

आमच्या गोल्फ कार्टच्या, म्हणजे गोल्फच्या मैदानावरच्या छोट्या गाडीच्या, मागच्या बाकाची पहिली चाचणी घेताना त्यावर माणूस बसवायचा नाही, एवढं आम्ही आधीच ठरवलं होतं. माणसांच्या जागी वाळूची चार पोती ठेवली, दोन-दोनच्या जोड्या करून, एका जोडीचं वजन ७५ किलो. माझे शेजारी गाडी चालवत होते, मी मागून चालत होते. पाइनच्या रानातला पहिला बांध त्यांनी तिरका घेतला. मागचं डावं चाक बांधावर चढलं, उजवं अजून खालीच होतं, आणि अख्खी गाडी त्या चढलेल्या चाकाबरोबर उजवीकडे कलली. वरचं एक पोतं घसरलं, बाकाच्या कडेवरून खाली आलं आणि लाल मातीत फुटलं. रानाच्या कडेला खुर्ची टाकून शेजाऱ्यांची बहीण, थोरल्या बाई, बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पोतं पडलं ती जागा त्यांची होती.

आम्ही पीचट्री सिटीत राहतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या दक्षिणेला, १९५९ साली वसवलेलं हे गाव. मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या काढलेल्या शंभर मैलांहून जास्त, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर वाटा इथे आहेत, आणि त्यांवरून गोल्फ कार्ट चालतात. किराणा आणायला, तळ्यावर फिरायला, मुलांना सोडायला लोक कार्ट काढतात. कोल्हापुरात घरटी एक मोपेड असते, तशी इथे घरटी एक कार्ट. या गाड्यांचं माहेरही जॉर्जियाच. ऑगस्टा गावात १९५४ साली ई-झी-गो ही कार्ट बनवणारी कंपनी सुरू झाली आणि साठच्या दशकात क्लब कार ही दुसरी कंपनीही तिथेच येऊन स्थिरावली. गोल्फच्या मैदानापुरती बोलायचं तर ही गाडी फार विचार करून बनवलेली आहे. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत, खाली कापलेलं गवत, रुंद मऊ टायर, मागे दोन चाकांना जोडणारा एक अखंड दांडा, म्हणजे ॲक्सल, आणि दोन कमानपाटे, म्हणजे वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. यापलीकडे तिथे कशाची गरज नसते.

माझे शेजारी सत्तरीचे आहेत. त्यांचं सगळं आयुष्य विमानांच्या देखभालीत गेलं. माझं काम पंपांचं डिझाइन करण्याचं. आमची ओळख झाली ती त्यांच्या गॅरेजमधल्या व्हाइसवरून, म्हणजे वस्तू दाबून धरणाऱ्या शिकंज्यावरून. मला एक बेअरिंग दाबून बसवायचं होतं. मग शनिवार त्यांच्याच गॅरेजात जायला लागले.

त्यांची थोरली बहीण ८१ वर्षांची. तिचं शेत आहे जॉर्जियातल्याच मेकन शहराच्या उत्तरेला. शेत म्हणायचं इतकंच, आता सगळं पाइनचं रान आहे. शंभर वर्षांपूर्वी त्या टेकड्यांवर कापूस होता. माती वाहून जायची म्हणून उतारावर आडवे बांध घातले होते, आपल्याकडे कंटूर बांध घालतात तसेच. १९१५च्या सुमाराला कापसाच्या बोंडात शिरणारा सोंडकिडा जॉर्जियात पोहोचला, पुढच्या काही वर्षांत कापूस गेला, रानावर पाइन आले. बांध मात्र राहिले. झाडांखाली, पानांच्या थराखाली, पोटरीइतके उंच, एकामागून एक. त्या बांधांच्या पलीकडे, घरापासून अडीच किलोमीटरवर, घराण्याची स्मशानभूमी आहे. जुन्या कुटुंबांच्या अशा दगडी कुंपणातल्या लहान स्मशानभूम्या इथल्या रानात बऱ्याच आहेत. थोरल्या बाईंचे यजमान तिथे पुरलेले आहेत. दर रविवारी त्या चालत जायच्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून जाता येईना.

त्यांच्याकडे एक जुनी पेट्रोल कार्ट होती. चार माणसं बसली की ओल्या लाल मातीच्या चढावर तिचं इंजिन मान टाकायचं. शेजाऱ्यांच्या शेडमध्ये यामाहाची वॉरियर ही क्वाड, म्हणजे चार चाकांची मोटरसायकलसारखी गाडी, पडून होती. ३४८ सीसीचं एक सिलेंडर, सहा गिअर, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा रिव्हर्स गिअर. इंजिन बदलायचं ठरलं. त्या कामाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. माउंटिंग बनवली, पायाचा गिअर हाताच्या दांडीवर आणला, वायरिंगला दोन शनिवार गेले. लोक मात्र अजूनही इंजिनाबद्दलच विचारतात. इंजिनाचा आवाज येतो, आकडा सांगता येतो. मागची चाकं गाडीला कशी धरली आहेत हे कुणी विचारत नाही. आमचं दीड वर्ष त्यात गेलं.

कारण थोरल्या बाई मागेच बसणार होत्या. पुढच्या सीटवर बसायचं तर एक पाय उचलून आत घ्यायचा, मग कमरेतून वळायचं, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलं होतं. मागचा बाक उलट्या तोंडाचा असतो. त्याला पाठ करायची, दांडा धरायचा, टेकायचं. आणखी काही करावं लागत नाही. तेव्हा गाडीचं सगळं डिझाइन त्या बाकापासून सुरू व्हायला हवं होतं. आम्ही ते इंजिनापासून सुरू केलं, आणि माझ्या मते सगळा उशीर तिथेच झाला.

पहिला प्रयत्न जुन्या पाट्यांवरच होता. वॉरियरचा ॲक्सल रुंद करून बेअरिंगच्या नळीत बसवला, नळी पाट्यांवर बांधली, इंजिन चॅसीवर, मध्ये साखळी. पहिल्याच चढावर साखळीने ॲक्सलचं एक टोक पुढे ओढलं, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकले, साखळी ढिली होऊन दातांवरून उडाली. मग पाटे वळू नयेत म्हणून एकेक पाटा वाढवला. आपल्याकडे ट्रकवाले जास्त माल भरायचा असला की पाटा वाढवतात, त्याच चालीवर. साखळी राहिली, पण गाडीचा दगड झाला.

इथे एक छोटं गणित सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्प्रिंगवर वजन ठेवलं की ती किती सेंटिमीटर दबते ते मोजायचं. त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि पाचाला त्याने भागायचं. येणारा आकडा म्हणजे ती गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल. गाडीचं वजन किती, स्प्रिंग कोणत्या जातीची, काही विचारावं लागत नाही. नुसतं किती दबली ते पुरे. आमचे मूळ पाटे अडीच सेंटिमीटर दबत होते, म्हणजे सेकंदाला साधारण तीन झोके. पाटा वाढवल्यावर दीडच सेंटिमीटर दबू लागले, म्हणजे चार झोके. चांगल्या मोटारीत हा आकडा एक ते दीडच्या दरम्यान असतो. आणि बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त कधी दाद देतं, तर सेकंदाला चार ते आठ झोके असतात तेव्हा. कणा, पोट, सगळं त्या टापूत गाडीबरोबर हलू लागतं. पाटा वाढवून आम्ही गाडी नेमकी त्या टापूच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली होती. गॅरेजच्या फळ्यावर हा आकडा मांडल्यावर शेजारी काही न बोलता उठले, पान्हा घेतला आणि वाढवलेले पाटे सोडवायला बसले.

दुसरा प्रयत्न म्हणजे वॉरियरचाच चिमटा. स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरून एका खिळीभोवती वरखाली झुलणाऱ्या भुजेला, आमच्याकडे चिमटा म्हणतात, आणि मला तोच शब्द आवडतो, कारण ती वस्तू खरंच दोन बोटांनी ॲक्सल धरल्यासारखी दिसते. चिमट्याने साखळीचा प्रश्न जवळजवळ सुटतो. जवळजवळच, कारण इंजिनाचं साखळीचं चाक आणि चिमट्याची खीळ एका जागी नसतात. आमच्याकडे त्यांत ७५ मिलिमीटरचं अंतर होतं, चिमट्याची लांबी ५००. चाक १६ सेंटिमीटर वरखाली होऊ दिलं तर मधल्या स्थितीत आणि टोकाच्या स्थितीत साखळीच्या दोन चाकांमधलं अंतर फक्त ०.८४ मिलिमीटरने बदलतं. पण तेवढ्यानेही साखळी मध्यभागी २२ मिलिमीटर लोंबते. इंजिनाचं चाक, खीळ आणि ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा साखळी सर्वांत ताठ असते, म्हणून ढील ठेवायची ती त्या स्थितीत बघून. हे मी कॉलेजात शिकले नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेस्त्री होता. बाबांच्या मोटरसायकलची साखळी ताणताना तो मला उचलून सीटवर बसवायचा. दहा वर्षांच्या पोरीच्या वजनाने गाडी दबेना, तर बाबांनाही मागे बसवायचा, आणि मग खाली वाकून साखळीला बोट लावायचा. मोकळ्या गाडीची साखळी बघून काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

साखळी राहिली, झोका मऊ झाला, आणि पोतं पडलं.

क्वाडवर हा चिमटा चालतो, कारण क्वाडवरचा माणूस घोड्यावर बसल्यासारखा बसतो, गाडी कलली की अंग दुसरीकडे टाकतो. त्या चिमट्यात मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट असतात. एक चाक १५ सेंटिमीटर वर गेलं आणि दोन चाकांत ९५ सेंटिमीटरचं अंतर असलं, तर गाडी नऊ अंश कलणार. स्प्रिंग कितीही मऊ घ्या, त्यात फरक पडत नाही, कारण कलण्याच्या दिशेने तिथे स्प्रिंगच नसते. बाकावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड मीटरवर असतं. नऊ अंशांत ते वीतभर बाजूला फेकलं जातं. आणि बांध तिरका घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. सरळ घेतला तर मागचा पायदान मातीत घासतो.

दुसरं एक भय त्याच दिवशी लक्षात आलं. चढावर पुढची चाकं जमिनीला नुसती टेकत होती. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच. आमच्याकडे बैलगाडीत मागे जास्त भार झाला की म्हणतात गाडी उलाळ झाली. जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरचा भार जातो. आमची कार्ट उलाळ झाली होती. प्रत्येक चाकाखाली फळी आणि फळीखाली दोन-दोन घरगुती वजनकाटे ठेवून आम्ही सगळं मोजलं. रिकामी गाडी ३३० किलो, त्यातले २१५ मागच्या चाकांवर. मागच्या बाकावरची माणसं ॲक्सलच्याही ४५ सेंटिमीटर मागे बसतात, म्हणजे त्यांचं वजन मागच्या चाकांवर पडतंच, वर ते पुढच्या चाकांवरचा भार उचलतं. चालक आणि मागे दोन माणसं धरून १५ अंशांच्या चढावर पुढच्या दोन्ही चाकांवर मिळून उरत होते फक्त ४६ किलो. अशा वेळी पहिल्या गिअरमध्ये क्लच पटकन सुटला तर पुढची चाकं उचलणार, आणि सर्वांत आधी जमिनीवर येणार तो मागचा बाक.

काम थांबवलं. डिसेंबर आला आणि मी सुट्टीवर कोल्हापूरला गेले.

तिथे शाहूपुरीतून चालत येताना रस्त्याच्या कडेला एक रिक्षा जुन्या टायरवर आडवी केलेली दिसली. रिक्षाचं खालचं काम करायचं तर ती अशीच कुशीवर निजवतात. लहानपणापासून हे दृश्य हजार वेळा पाहिलेलं. त्या दिवशी मात्र पाय थांबले. रिक्षाचं सगळं पोट समोर उभं होतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरेन्शियल एकाच ठोकळ्यात, तो ठोकळा चॅसीला बांधलेला. त्यातून डावी-उजवीकडे निघालेले, चाकं फिरवणारे दोन दांडे, म्हणजे हाफ शाफ्ट. प्रत्येक चाक आपापल्या स्वतंत्र भुजेवर, भुजेची खीळ चाकाच्या पुढे, भुजा आणि चॅसी यांच्यात एक स्प्रिंग आणि झोके विरवणारा शॉकअप. एक चाक वर गेलं तरी दुसऱ्याला त्याची खबर नाही.

“ताई, काय बघताय?” खाली बसलेल्या मेस्त्रीने विचारलं.

“खालनं कशी असते ते बघतेय. बुश गेली काय?” बुश म्हणजे भुजेच्या खिळीभोवतीची, झीज सोसणारी नळी.

“दोन्ही. बुश गेली की चाकं फाकत्यात, आन् टायर आतनं खातंय.”

“माणसं किती बसतात हिच्यात?”

“पासिंग तिनाचं हाय. शाळेची असली तर कोण मोजतंय?”

मी शाळेला अशाच रिक्षातून जायचे. रिक्षावाल्या काकांनी मागच्या सीटसमोर एक लाकडी फळी टाकलेली होती. सीटवर मोठी मुलं, फळीवर आम्ही लहान, रस्त्याकडे पाठ करून. दप्तरं बाहेर लटकलेली. दुपारी शेवटच्या मुलाला सोडून काका एकटेच रिकामी रिक्षा घेऊन जायचे. एकच गाडी, सकाळी भरून वाहिलेली, दुपारी मोकळी, आणि दोन्ही वेळा गल्लीतल्या त्याच खड्ड्यांतून जायची. बजाजने मागे इंजिन असलेली रिक्षा १९७७ साली आणली. मागचं लहान इंजिन, सगळा भार मागच्या चाकांवर, एका माणसापासून भरगच्च सवारीपर्यंत बदलणारं वजन, वाईट रस्ता, कमी वेग: माझ्या फळ्यावरच्या प्रश्नाचा प्रत्येक शब्द त्या रिक्षात होता. मी त्या मेस्त्रीला विचारून मोबाइलवर वीसेक फोटो काढले. भुजेच्या खिळीपासून चाकापर्यंतचं अंतर त्याने स्वतःच्या टेपने मोजून दिलं.

परत आल्यावर तिसरा आराखडा तीन आठवड्यांत कागदावर उतरला. इंजिन सीटखाली, ॲक्सलच्या पुढे सरकवलं. साखळीचं चाक बाहेरून बसेल असा छोटा डिफरेन्शियल चॅसीवर घट्ट बसवला. इंजिन आणि डिफरेन्शियल दोघंही चॅसीवर, त्यामुळे साखळीचं अंतर कधी बदलतच नाही. पेट्रोल कार्ट बनवणाऱ्यांनीही हेच साधलेलं असतं, वेगळ्या वाटेने. इंजिन आणि मागचा ॲक्सल दोन्ही ते एकाच पाळण्यावर ठेवतात, म्हणजे त्यांच्यातला पट्टा ताणला जात नाही. पण मग इंजिनाचं वजनही चाकाबरोबर हादरे खात राहतं. मैदानावर ते खपतं, बांधावर नाही.

चाकांना दोन भुजा, ४५० मिलिमीटर लांबीच्या. भुजा मागे नेता आल्या हा त्यांचा मोठा उपकार. चाकं १५ सेंटिमीटर मागे गेली, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १६५चं १८० सेंटिमीटर झालं, आणि मागचा बाक ॲक्सलच्या ४५ ऐवजी ३० सेंटिमीटरच मागे राहिला. त्याच १५ अंशांच्या चढावर पुढच्या चाकांवर आता ४६च्या जागी ८२ किलो आले. एकही किलो न वाढवता. पुढे लोखंडाचे ठोकळे बांधायचं शेजाऱ्यांच्या मनात होतं. तसं करणारे बरेच असतात, पण मला ते पटत नाही. निरुपयोगी वजन चढावर नेण्यासाठी इंजिन बदललेलं नसतं.

मग स्प्रिंग. गाडीत एकटा चालक असताना मागच्या एका चाकावर, स्प्रिंगच्या वरचं असं, ९२ किलो. चार माणसं बसली की २००. दुपटीहून जास्त. मोटारीच्या डिझाइनरला असा फरक क्वचितच मिळतो. रिक्षा बनवणाऱ्याला रोज मिळतो. भरलेल्या गाडीसाठी स्प्रिंग निवडली तर रिकामी गाडी हादरे देईल, आणि रिकाम्या गाडीसाठी निवडली तर भरल्यावर तळाला आपटेल. मी भरलेल्या गाडीसाठी सेकंदाला १.४ झोके धरले आणि तिथून उलटा हिशेब केला. बाई बसलेल्या असताना गाडी चांगली असली पाहिजे, एकटा चालक थोडा हादरला तरी चालेल. शॉकअप भुजेवर खिळीपासून ३१५ मिलिमीटरवर बसवला, म्हणजे चाक दहा मिलिमीटर हललं तर स्प्रिंग सातच हलते. यात एक गोष्ट भल्याभल्यांची चुकते: हा सात-दशांशाचा हिशेब एकदा नाही, दोनदा लागतो. स्प्रिंग सात-दशांशच हलते आणि तिचा जोरही चाकापर्यंत सात-दशांशच पोहोचतो. म्हणून चाकाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या निम्माच, नेमका ०.४९. गणित करून चाकाशी दर मिलिमीटरला १५ न्यूटन हवे होते. अमेरिकी कॅटलॉगमध्ये १७५ पौंड प्रति इंच या आकड्याची स्प्रिंग तयार मिळते, ती बसवली.

चालक एकटा असताना ती गाडी ६० मिलिमीटर दबते, झोके दोन. चौघे बसले की १३१ मिलिमीटर, झोके १.४. वर हादऱ्यासाठी आणखी ४० ठेवले. म्हणजे चाकाला एकूण १७१ मिलिमीटर हलायला जागा लागते, आणि एवढी जागा कार्टच्या चाकाच्या वर नसते. चाकावरचं पत्र्याचं सगळं कापून वर उचलावं लागलं. शॉकअपची घट्टाई मी भरलेल्या गाडीला धरून ठरवली: एकदा दबून वर आली की दुसऱ्या झोक्यात विरली पाहिजे. तोच शॉकअप एकट्या चालकाला जरा घट्ट वाटतो. वाटू दे.

हाफ शाफ्ट एका मोडक्या क्वाडचे मिळाले. चाक टोकापासून टोकापर्यंत गेलं की शाफ्टला सुमारे १४ अंश वाकावं लागतं आणि दहा मिलिमीटर आत-बाहेर सरकावं लागतं. ते त्याच्या आवाक्यात होतं, तरी खात्री म्हणून स्प्रिंगा न लावता भुजा हाताने वरखाली करत आम्ही दोन्ही शाफ्ट गोल फिरवून पाहिले. हे काम सगळ्यांनी करावं. स्प्रिंग लागल्यावर तो कोपरा पुन्हा डोळ्यांना दिसत नाही. बुश मात्र मी रिक्षापेक्षा जाड घेतली आणि दोन बुशांमधलं अंतर २२ सेंटिमीटर ठेवलं. चाकं फाकू नयेत एवढ्यासाठी. मेस्त्रीचं वाक्य मी आराखड्याच्या कोपऱ्यात मराठीतच लिहून ठेवलं होतं. शेजाऱ्यांनी त्याचा अर्थ विचारला, आणि मग भुजेवर आडवा पट्टा वेल्ड करून तिची पीळ खाण्याची जागाही बंद केली.

या रचनेचा एक दोष आहे आणि तो जात नाही. वळणावर गाडी जास्त कलते, आणि चाकंही तिच्याबरोबर तेवढीच कलतात. मोटारीत यावर आडवा पीळदांडा बसवतात. आम्ही बसवला नाही, कारण दोन चाकांना पुन्हा एकमेकांशी बांधलं की बांधावर पोतं पुन्हा पडणार. त्याऐवजी ॲक्सिलरेटरखाली थांबा लावला. गाडी ताशी २५ किलोमीटरच्या पुढे जात नाही. शेजाऱ्यांच्या नातवाला हे फार लागलं.

पुढचं अजून राहिलंय. मॉरिस ऑली नावाचा इंजिनियर १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये होता. त्याने दाखवलं की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ ठेवावी; खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचं उशिरा हलू लागतं, तर त्याने झपाट्याने हलून पुढच्याला गाठलं पाहिजे. नाहीतर गाडी नाक वर, शेपूट खाली अशी डोलत राहते. आमच्या गाडीत नेमकं उलट आहे, पुढे जुने ताठ पाटे आणि मागे मऊ स्प्रिंग. ती डोलते. मागच्या बाकावर ते डोलणं जास्त कळतं. पुढचे पाटे बदलल्याशिवाय हे काम पुरं झालं असं मी म्हणणार नाही.

मार्चमध्ये पुन्हा पोती ठेवली. तोच बांध, तोच तिरका कोन. मोबाइलच्या पाणसळीवर गाडी चार अंश कलली. पोती जागेवर. शेजाऱ्यांनी बांध सहा वेळा घेतला, दोन्ही बाजूंनी, मग मी बाकावर बसले आणि आणखी सहा वेळा. शॉकअपच्या दांड्यावर एक प्लास्टिकची पट्टी सैल बांधून ठेवली होती. दांडा जितका आत जाईल तितकी ती सरकते आणि तिथेच थांबते. चाकाच्या हिशेबाने १५५ मिलिमीटर वापरले गेले होते, तळाला अजून १६ शिल्लक.

पुढच्या रविवारी थोरल्या बाई आल्या. बाकाला पाठ केली, दांडा धरला, टेकल्या. मी पट्टा लावला आणि शेजारी बसले. त्यांच्या मांडीवर पिवळ्या शेवंतीची कुंडी होती. डॉगवूड फुललं होतं. बांध आले तसे गेले. गाडी एका बाजूला कलायची, थोडी थांबल्यासारखी व्हायची, परत सरळ. त्या उलट्या बसल्या होत्या, त्यामुळे त्यांना दिसत होतं ते मागे पडणारं रान आणि त्यातले ओलांडलेले बांध. त्या बोटाने मोजत होत्या. अकरा झाले तेव्हा दगडी कुंपण आलं.

त्या उतरल्या, कुंडी घेऊन आत गेल्या, बराच वेळ आतच होत्या. आम्ही गाडीपाशी थांबलो. शेजारी खाली वाकून डाव्या शाफ्टच्या रबरी टोपीकडे बघत होते, तिला एका वाळलेल्या फांदीने चरा पडला होता.

परत आल्यावर बाईंनी बाकाच्या कडेवर हात फिरवला. गाडी कशी वाटली ते त्या बोलल्या नाहीत. काठी ठेवायला इथे एक हूक हवा, म्हणाल्या. उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, म्हणजे उतरताना आधी काठी हातात येईल.